निवृत्तीचा व्हिसा आणि आरोग्य विमा: अधिकाऱ्याला चालेल आणि हॉस्पिटलातही चालेल असा कसा घ्यावा

निवृत्तीनंतर परदेशात दीर्घकाळ राहायचा व्हिसा मागताना आरोग्य विम्याचा कागद बहुतेक देशांत लागतो. अर्ज अडतो तेव्हा अर्जदाराकडे विमा नसतो असे क्वचितच असते. विमा असतो, पण अधिकाऱ्याला हवी ती ओळ त्याच्या प्रमाणपत्रावर नसते. याच्या उलटही घडते. प्रमाणपत्र नियमाला धरून असते, व्हिसा विनातक्रार मिळतो, आणि पहिल्या मोठ्या ऑपरेशनच्या वेळी कळते की निम्मे बिल स्वतःलाच भरायचे आहे. म्हणून ही दोन कामे सुरुवातीपासून वेगळी धरावीत: एक म्हणजे फायलीत लावायचा कागद, दुसरे म्हणजे बिल भरणारा विमा. एकाच पॉलिसीत दोन्ही जमू शकते, पण ते आपोआप जमत नाही.

पहिली पायरी: नियम नेमका काय मागतो ते ओळखा

सगळे देश एकच गोष्ट मागत नाहीत. कोणी किमान रक्कम ठरवतो, कोणी विम्याचा दर्जा ठरवतो, कोणी पहिल्या काही महिन्यांपुरता विमा मागून पुढे सरकारी व्यवस्थेत घेतो, तर कोस्टा रिकासारखा देश रहिवासी होणाऱ्याला आपल्या ‘काहा’ या सामाजिक सुरक्षा संस्थेतच नाव नोंदवायला लावतो. आपला देश यांपैकी कुठे बसतो हे ठरल्याशिवाय विमा एजंटला फोन करू नये. एजंट त्याच्याकडे जे आहे तेच विकणार.

रकमेवर चालणारा देश म्हणजे थायलंड. ५० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी असलेल्या ओ-ए या लाँग स्टे व्हिसाला ३१ ऑक्टोबर २०१९ पासून विमा सक्तीचा झाला. तेव्हाची अट होती भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी ४ लाख बाट आणि ओपीडीसाठी ४० हजार बाट. पुढे ती ३० लाख बाट, म्हणजे १ लाख अमेरिकी डॉलरपर्यंत गेली. मे २०२४ मध्ये थाई मंत्रिमंडळाने ती पुन्हा मूळच्या ४ लाख आणि ४० हजारांवर आणायला मंजुरी दिली. इंटरनेटवरच्या लेखांत तिन्ही काळांतले आकडे मिसळलेले सापडतात, म्हणून अर्ज ज्या दूतावासात करायचा त्याच्या पानावरचा आकडाच धरावा. ते पान तारखेसह पीडीएफ करून ठेवावे. अर्ज आणि निर्णय यांच्या मध्ये नियम बदलला तर तेवढाच आधार हाताशी असतो.

त्याच थायलंडमध्ये साधा ओ व्हिसा घेऊन आत गेल्यावर निवृत्तीच्या कारणाने मुदतवाढ घेतली, तर इमिग्रेशन कार्यालय विमा मागत नाही. तिथे ८ लाख बाट थाई बँकेत ठेवणे किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवणे यावर भागते. काही दूतावास मात्र ओ व्हिसा देतानाच विमा विचारतात. श्रीमंत निवृत्तांसाठीच्या दहा वर्षांच्या एलटीआर व्हिसाची अट आणखी वेगळी आहे: किमान ५० हजार डॉलरचा विमा आणि त्याची किमान १० महिने मुदत शिल्लक, किंवा त्याऐवजी १ लाख डॉलरची ठेव १२ महिने. एका देशात तीन व्हिसा आणि तीन नियम. ‘थायलंडला विमा लागतो का’ या प्रश्नाला व्हिसाचे नाव सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

दर्जावर चालणारा देश म्हणजे स्पेन. तिथल्या बिनकमाईच्या, म्हणजे तिथे नोकरी-धंदा न करता राहण्याच्या, निवासी व्हिसासाठी रकमेचा आकडा महत्त्वाचा नसतो. स्पेनची सरकारी आरोग्यसेवा जे जे देते ते सगळे या विम्याने द्यायला हवे. को-पे (प्रत्येक उपचारात रुग्णाने भरायचा वाटा) नको, डिडक्टिबल (कंपनी पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची ठरलेली रक्कम) नको, प्रतीक्षा कालावधी (विमा घेतल्यावर संरक्षण लागू होईपर्यंतचा काळ) नको, आणि कंपनीला स्पेनमध्ये व्यवसायाची परवानगी हवी. ही परवानगी तिथल्या विमा संचालनालयाच्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही तपासता येते. ट्रॅव्हल इन्शुरन्स, मग तो कितीही लाखांचा असो, इथे चालत नाही. पैशाची अट आयप्रेम या सरकारी उत्पन्न निर्देशांकाच्या चौपट आहे. निर्देशांक महिना ६०० युरो धरला तर वर्षाला २८,८०० युरो, आणि सोबतच्या प्रत्येक कुटुंबीयामागे आणखी ७,२००. विम्याचा हप्ता या रकमेतूनच जाणार, म्हणून जेमतेम २८,८०० दाखवणाऱ्याने आपले गणित पुन्हा मांडून पाहावे.

पेन्शनसारख्या नियमित उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठीचा पोर्तुगालचा डी-७ व्हिसा तिसऱ्या प्रकारचा आहे. तातडीचे उपचार आणि मायदेशी परत नेणे या दोन्ही गोष्टी असलेला प्रवास विमा अर्जासोबत लागतो. व्हिसा १२० दिवसांचा असतो. त्या मुदतीत तिथे जाऊन एआयएमए या स्थलांतराचे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे निवास परवान्याचे काम पूर्ण करायचे, आणि मग आरोग्य केंद्रात नाव नोंदवून सरकारी सेवेचा ‘उतेन्ते’ क्रमांक घ्यायचा. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात परवान्याला उशीर होतो आणि तोवर चार महिन्यांचा विमा संपून जातो. इथे वर्षभराचा विमा घेणेच शहाणपणाचे, नियमाने तो मागितला नसला तरी.

इटलीच्या ऐच्छिक निवासी व्हिसालाही सुरुवातीला खासगी विमा लागतो. तिथे पोहोचल्यावर सरकारी आरोग्यसेवेत स्वेच्छेने वर्गणी भरून शिरता येते. १ जानेवारी २०२४ पासून या वर्गणीची किमान रक्कम वर्षाला २,००० युरो आहे. खोच अशी की वर्गणी कॅलेंडर वर्षाची असते आणि महिन्यांच्या हिशेबाने कमी होत नाही. नोव्हेंबरात भरणाऱ्याला ३१ डिसेंबरपर्यंतचेच मिळते. शरद ऋतूत पोहोचणाऱ्याने खासगी विमा जानेवारीपर्यंत पुरेल असा घ्यावा.

दुसरी पायरी: वैद्यकीय छाननी आधी, व्हिसाचा अर्ज नंतर

बहुतेक जण बँकेची कागदपत्रे, पोलिसांचे प्रमाणपत्र, भाषांतरे असे सगळे जमवून शेवटच्या आठवड्यात विम्याकडे वळतात. क्रम उलटा हवा. अर्जाच्या तारखेच्या तीन-चार महिने आधी विमा कंपनीची प्रश्नावली भरावी, कारण सगळ्या फायलीत हीच एक गोष्ट तुमच्या हातात नसते.

छाननीचे चार निकाल लागू शकतात: सरळ स्वीकार, जास्त हप्त्यावर स्वीकार, एखादा आजार वगळून स्वीकार, किंवा नकार. तिसरा निकाल सर्वांत फसवा. ‘हृदयविकार आणि त्याची गुंतागुंत वगळून’ अशी ओळ असली की थायलंडसारख्या ठिकाणी रकमेची अट पूर्ण होते आणि व्हिसाही मिळतो, पण ज्या आजारासाठी विमा हवा होता नेमका तोच बाहेर राहतो. स्पेनच्या बाबतीत ही ओळ प्रमाणपत्रावरच छापली गेली तर अधिकारी हरकत घेऊ शकतो, कारण तिथे संपूर्ण संरक्षणाची अट आहे.

वयाची मर्यादा दोन असतात आणि दोन्ही विचाराव्यात. एक, नवा ग्राहक म्हणून घेण्याचे कमाल वय. अनेक कंपन्यांत ते ६५, ७० किंवा ७५ असते. दुसरे, नूतनीकरण कोणत्या वयापर्यंत करणार. आज ६९ वर्षांच्या माणसाला स्वस्तातली एक वर्षाची पॉलिसी मिळेल, पण ती कंपनी ७० नंतर नूतनीकरण करत नसेल तर पुढच्या वर्षी त्याला नव्याने घेणारी दुसरी कंपनी मिळणे कठीण. अशा वेळी आजीवन नूतनीकरण लिहून देणारी महाग पॉलिसीच खरी स्वस्त ठरते. ‘आजीवन’ हा शब्द जाहिरातीत आहे की पॉलिसीच्या अटींत, हेही बघावे.

आजार लपवू नये. नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही तो तोट्याचा आहे. पहिला मोठा दावा आला की कंपनी जुने रिपोर्ट मागवते. थायलंडच्या नागरी आणि व्यापारी संहितेचे कलम ८६५ दडवलेल्या माहितीवरून करार रद्द करण्याचा अधिकार कंपनीला देते. स्पेनच्या १९८० च्या विमा करार कायद्याचे कलम १० चुकीच्या माहितीच्या प्रमाणात भरपाई कमी करायला, आणि लबाडी असल्यास ती पूर्ण नाकारायला परवानगी देते. प्रश्नावलीत जे विचारले त्याचे पूर्ण उत्तर द्यावे, औषधांची नावे आणि डोस लिहावेत, आणि भरलेल्या प्रश्नावलीची प्रत जपून ठेवावी. एजंटने ‘हे नको लिहायला’ म्हटले तर एजंट बदलावा.

नकार आला तरी नकाराचे पत्र लेखी घ्यावे. थायलंडमध्ये ओ-ए धारकाला मुदतवाढीच्या वेळी वय किंवा आजारामुळे विमा मिळत नसेल, तर कंपनीचे नकारपत्र आणि विम्याच्या रकमेइतकी ठेव दाखवण्याची वाट आहे. तोंडी नकाराचा तिथे काही उपयोग नाही.

तिसरी पायरी: पॉलिसीतले आकडे बिलावर बसवून पाहा

कमाल रक्कम पाहून पॉलिसी निवडणे ही सर्वसाधारण चूक. ४ लाख बाटची पॉलिसी आणि तिला २ लाख बाटचे डिडक्टिबल, अशी जोडी हप्ता कमी ठेवण्यासाठी विकली जाते. समजा बिल ३ लाख बाट आले; कंपनी देणार १ लाख, तुम्ही २ लाख. बिल दीड लाख आले तर कंपनी काहीच देत नाही. डिडक्टिबल दर वर्षाला एकदा आहे की दर भरतीला, हा प्रश्न त्याच वेळी विचारावा. वर्षात तीनदा भरती झालेल्या माणसाला या उत्तरातला फरक चांगलाच जाणवतो.

यानंतर खोलीचे भाडे. पॉलिसी रोज ४,००० देते, हॉस्पिटलची साधी खोली ९,००० ची आहे आणि मुक्काम दहा दिवसांचा, तर ५०,००० खिशातून जातात. शस्त्रक्रिया, भूल, अतिदक्षता विभाग, निदानाच्या चाचण्या यांना प्रत्येकी वेगळी मर्यादा असेल तर वरची मोठी रक्कम नुसती शोभेची. ज्या शहरात राहायचे तिथल्या दोन हॉस्पिटलांकडून गुडघा बदलणे आणि अँजिओप्लास्टी यांचा अंदाजे खर्च ईमेलने मागवावा आणि पॉलिसीच्या तक्त्यासमोर ठेवावा. तासाभराचे काम आहे, पण त्यात पॉलिसीचा खरा चेहरा दिसतो.

प्रतीक्षा कालावधीही नीट वाचावा. साधारण आजारांना ३० दिवस, हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध अशांना काही महिने, आधीपासूनच्या आजारांना एक-दोन वर्षे, अशी पायऱ्यांची रचना अनेक पॉलिसींत असते. स्पेनसाठी ही रचनाच चालत नाही. इतर देशांत चालते, पण त्या काळात तुम्ही विमा असूनही विम्याबाहेर असता.

संरक्षणाचा प्रदेशही तपासावा. ‘जगभर’ लिहिलेल्या अनेक योजना अमेरिका वगळतात, काही योजना तुमच्या नागरिकत्वाचा देशच वगळतात किंवा तिथे वर्षातून ठरावीक दिवसच चालतात. मायदेशी फेऱ्या मारणाऱ्यांना हे महत्त्वाचे. मायदेशातली जुनी पॉलिसी रद्द करण्याची घाईही करू नये: परत यावे लागले तर त्या वयात नवी मिळणे कठीण, आणि मिळाली तरी प्रतीक्षा कालावधी पहिल्यापासून सुरू होतो. सरकारी संरक्षणाचे मात्र गृहीत धरू नये. अमेरिकेचे मेडिकेअर, उदाहरणार्थ, देशाबाहेरचा खर्च साधारणपणे देत नाही. युरोपीय संघातल्या देशाची किंवा ब्रिटनची सरकारी पेन्शन घेणाऱ्याने एस-१ या कागदाची चौकशी आधी करावी. तो मिळत असेल तर युरोपात राहताना उपचारांचा भार पेन्शन देणारा देश उचलतो, आणि महागडा खासगी विमा घेण्याची गरजच पडत नाही.

‘मायदेशी नेणे’ या शब्दांतही दोन-तीन वेगळी कामे दडलेली असतात. जवळच्या सक्षम हॉस्पिटलात हवाई मार्गाने हलवणे एक, रुग्णाला मायदेशी पोहोचवणे दुसरे, आणि मृतदेह परत नेणे तिसरे. पोर्तुगालसारखी व्हिसाची अट मायदेशी नेण्याची असते. दुर्गम बेटावर राहणाऱ्याला गरज असते पहिल्याची.

चौथी पायरी: तारखा

थायलंडच्या ओ-ए व्हिसावर वर्षभरात कितीही वेळा प्रवेश करता येतो आणि प्रत्येक प्रवेशाला एक वर्षापर्यंत मुक्कामाचा शिक्का मिळू शकतो. पण विमा आधी संपत असेल तर शिक्का विम्याच्या शेवटच्या तारखेपर्यंतच मारला जातो. समजा पॉलिसी १ मार्चला सुरू झाली आणि तुम्ही १० जूनला उतरलात, तर मुक्काम फेब्रुवारीअखेरीस संपणार. तीन महिन्यांहून जास्त काळ वाया. म्हणून पॉलिसीची सुरुवात प्रवासाच्या दिवसाशी जुळवावी, आणि प्रवास पुढे गेला तर सुरुवात विनाशुल्क पुढे सरकवून देणार का हे हप्ता भरण्याआधी लेखी विचारावे. व्हिसाचे वर्ष संपण्याच्या थोडे आधी बाहेर जाऊन परत आल्यास जवळजवळ दुसरे वर्ष मिळते, पण त्या वेळी नूतनीकरण झालेल्या पॉलिसीचे प्रमाणपत्र विमानतळावर दाखवता आले पाहिजे. व्हिसाची मुदत संपल्यावर मधेच देशाबाहेर जायचे असेल तर री-एंट्री परमिट लागते. ते न घेता गेलात तर मुक्कामाची परवानगी तिथेच संपते.

स्पेनमध्ये पहिला परवाना एक वर्षाचा असतो, म्हणून विमाही पूर्ण वर्षाचा हवा. हप्ता महिन्या-महिन्याने भरण्याची सोय असली तरी वर्षाचा एकरकमी भरून पावती जोडणे चांगले, कारण मासिक हप्त्यांच्या पॉलिसीवर काही वाणिज्य दूतावास शंका घेतात. व्हिसा नाकारला गेला तर हप्ता परत मिळेल, असे कलम मागून घ्यावे. निवृत्तांच्या व्हिसासाठी पॉलिसी विकणाऱ्या कंपन्यांना ही मागणी नवी नसते.

पाचवी पायरी: प्रमाणपत्र

अधिकारी चाळीस पानांची पॉलिसी वाचत नाही, प्रमाणपत्राचे एक पान वाचतो. त्यावर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पॉलिसी क्रमांक, सुरुवात आणि शेवट, देशाचे नाव आणि रक्कम हे सगळे हवे. मागितलेल्या चलनातली रक्कम छापून घ्यावी. दुसऱ्या चलनातली पॉलिसी असेल तर विनिमय दर हलला तरी अट मोडू नये म्हणून दहा-पंधरा टक्के जास्तीची घ्यावी. पती-पत्नींची पॉलिसी एक असली तरी प्रमाणपत्रे दोन घ्यावीत. पासपोर्टवर मधले नाव आहे आणि प्रमाणपत्रावर नाही, इतक्या फरकावरूनही फाईल परत येते.

स्पेनसाठी प्रमाणपत्र स्पॅनिशमध्ये हवे आणि त्यावर ‘सिन कोपागोस’ (को-पे नाही), ‘सिन कारेन्सियास’ (प्रतीक्षा कालावधी नाही) हे शब्द स्पष्ट हवेत. ‘सर्वसमावेशक योजना’ असे मोघम लिहिलेले पत्र चालेल अशी आशा ठेवू नये. थायलंडसाठी परदेशी कंपनीचा विमा वापरायचा असेल तर सरकारने ठरवून दिलेला परदेशी विमा प्रमाणपत्राचा नमुना कंपनीकडून भरून, सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. इथे बरेच जण अडकतात. विमा उत्तम असतो, पण मोठ्या कंपन्यांचे कायदा विभाग दुसऱ्याच्या नमुन्यावर सही करायला तयार नसतात. म्हणून नमुना आधी कंपनीला पाठवावा, होकार ईमेलवर घ्यावा, आणि मगच हप्ता भरावा. हे नको असेल तर थाई जनरल इन्शुरन्स असोसिएशनच्या लाँग स्टे संकेतस्थळावर नोंदलेल्या कंपन्यांपैकी एक निवडणे सोपे.

पोहोचल्यावर

पहिल्या आठवड्यात राहत्या भागातले कोणते हॉस्पिटल तुमच्या कंपनीशी थेट बिल करते ते प्रत्यक्ष जाऊन विचारावे. कंपनीच्या यादीतली नावे जुनी असू शकतात. नियोजित भरतीला पूर्वमंजुरी लागते. तातडीच्या भरतीची खबर बहुधा २४ ते ४८ तासांत द्यावी लागते, आणि रुग्ण स्वतः ती देऊ शकत नाही हे गृहीत धरून घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाकडे कंपनीचा चोवीस तासांचा नंबर द्यावा. बिल भरण्याचे कंपनीचे हमीपत्र येईपर्यंत खासगी हॉस्पिटल अनामत मागू शकते, तेवढी शिल्लक असलेले कार्ड जवळ असू द्यावे. आजारांचा एक पानी सारांश आणि औषधांची घटकनावे छापून ठेवावीत, कारण ब्रँडची नावे देशागणिक बदलतात.

विमा सक्तीचा नसलेल्या वाटेने गेलेल्यांसाठी एक गोष्ट. थायलंडच्या ओ मुदतवाढीसाठीचे ८ लाख बाट हा उपचारांचा निधी समजू नये. ते अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने हलवता येत नाहीत, उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांखाली जाऊ द्यायची नाही. आजारपणात ते काढले तर बिल भरेल, पण मुदतवाढ जाईल. उपचारांसाठी वेगळी रक्कम वेगळ्या खात्यात हवी.

नूतनीकरण आणि सरकारी व्यवस्थेत जाणे

पॉलिसी संपण्याच्या ९० दिवस आधी नव्या हप्त्याचा आकडा मागवावा. मोठी वाढ झाली असेल तर दुसरी कंपनी शोधायला तेवढा वेळ लागतोच, आणि कंपनी बदलताना आधीपासूनच्या आजारांचे घड्याळ पुन्हा शून्यावर जाते हेही त्या तुलनेत धरावे. थायलंडमध्ये मुदतवाढीचा अर्ज मुक्काम संपण्याच्या ३० दिवस आधीपासून करता येतो, काही कार्यालयांत ४५. नवे प्रमाणपत्र त्याआधी हातात हवे आणि ते येणाऱ्या पूर्ण वर्षाचे हवे.

स्पेनमध्ये वर्षभर नोंदणीकृत वास्तव्य झाले की ‘कोन्वेनियो एस्पेस्याल’ या कराराने सरकारी सेवेत जाता येते: ६५ वर्षांखालील व्यक्तीला महिना ६० युरो, ६५ आणि त्यावरील व्यक्तीला १५७ युरो. जुन्या आजारांमुळे खासगी विमा महागलेल्यांना हा मोठा दिलासा आहे. मर्यादा एवढीच की बाह्यरुग्ण औषधांवर सवलत नाही, ती पूर्ण किमतीला घ्यावी लागतात. खासगी पॉलिसी तिथे आपोआप पुढे चालू राहते. ती थांबवायची असेल तर मुदत संपण्याच्या किमान एक महिना आधी लेखी कळवावे लागते, नाहीतर पुढच्या वर्षाचा हप्ता देणे लागतो. सरकारी नोंदणी झाल्याचे पत्र हातात आल्याशिवाय मात्र ही सूचना पाठवू नये.